अंधाराच्या दुकानातली चावडी

परमादरणीय केबोनांग मामा यांना,

गुडघे टेकून आणि उजव्या हाताच्या कोपराला डावा हात लावून तुमच्या भाचीचा, सेतुन्याचा, नमस्कार. पत्र तुमच्या हाती सकाळी पडेल की संध्याकाळी, हे इथे बसून सांगणे कठीण आहे. म्हणून आपण कसे उठलात आणि आपला दिवस कसा गेला, असे दोन्ही विचारून ठेवते. वेळेप्रमाणे जे लागू असेल त्याचे उत्तर आपण मनातल्या मनात द्यावे. आपला खोकला कसा आहे? पाण्याच्या इंजिनाचा खोकला कसा आहे? मामींच्या कोंबड्या मुंगसाने अजून किती ठेवल्या आहेत? आणि गुरे कशी आहेत? (गुरांची चौकशी शेवटी केली ती विसरभोळेपणाने नव्हे. ती आधी केली असती, तर त्यापुढचे वाचायला आपण थांबला नसतात, असे आईचे मत पडले.) इकडे आम्ही सर्व धडधाकट उभे आहोत. थंडी यंदा लवकर आली असून बाबांनी आपला लष्करी कोट बाहेर काढला आहे, आणि तो आता पावसाळ्यापर्यंत त्यांच्या अंगावरून हलणार नाही.

पत्र लिहिण्याचे कारण आनंदाचे आहे. निदान आनंदाचे होण्याच्या बेतात आहे. तुमच्या गुरांच्या तळावर फोन लागत नाही हे एक बरे, कारण लागला असता तरी मला फोनवर बोलता येत नाही. ‘हॅलो’नंतर काय म्हणावे याचा मी विचार करीत असते, तोवर पलीकडचा माणूस फोन ठेवतो. मुलाखतींचेही तसेच होते. विज्ञानाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून मी गाबोरोनेच्या विद्यापीठातून परत आले त्याला आता दुसरा हिवाळा लागला. प्रश्नाचे उत्तर मला येत असते, परंतु ते ओठांपर्यंत पोहोचते तेव्हा पुढच्या उमेदवाराला आत बोलावलेले असते. बाबांनी प्रमाणपत्राला चौकट करून ते भिंतीवर लावले, आणि आता जेवताना त्याच्याकडे बघून म्हणतात की भिंत हुशार झाली, घर होते तिथेच आहे. शेवटी त्यांनी निर्णय दिला: हा हिवाळा सरायच्या आत नोकरी लागली नाही, तर मी फ्रान्सिसटाउनला आत्याच्या फर्निचरच्या दुकानात जाऊन सोफे विकायचे. मामा, सोफ्यांविषयी माझ्या मनात आकस नाही. पण परक्या माणसाला अडवून ‘एकदा बसून तर बघा’ असे म्हणणे माझ्याच्याने या जन्मी होणार नाही.

अशा वेळी अंधाराच्या दुकानात एक जागा निघाली. (मिठाच्या मैदानाच्या कडेला तारे दाखवण्याचा जो तळ दोन-तीन वर्षांमागे उभा राहिला, त्याला आपल्या मोत्लोपिंग गावात आता सगळे हेच म्हणतात, कारण तिथे परदेशी पाहुण्यांकडून पैसे घेऊन त्यांना अंधार देतात आणि ते तो तक्रार न करता घेतात. मोठी मावशी म्हणते की याला गिऱ्हाईक आहे हे आधी कळायला हवे होते; आपल्या मागच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्यांचा अंधार नुसता पडून होता.) तिथे आकाश समजावून सांगणारा जो गृहस्थ होता, तो माउनकडे हत्ती दाखवायला निघून गेला. हत्ती दिवसा दिसतात आणि बोट दाखवावे लागत नाही, असे त्याने कारण दिले. दुकानाच्या व्यवस्थापिका नचुंगाबाई या भराभर चालणाऱ्या आणि त्याहून भराभर बोलणाऱ्या बाई आहेत. त्यांनी माझे गुण पाहिले, मला पाहिले, आणि लोकांपुढे बोलशील का, असे विचारले. मी मान हलवली. ती कोणत्या दिशेने हलवली हे माझे मलाही नीट ठाऊक नाही, परंतु बाईंनी ती होकाराची धरली. त्या म्हणाल्या, “बघ, दर हिवाळ्यात एक संध्याकाळ आम्ही गावाला फुकट देतो. जमीन गावाची आहे, द्यावी लागते. तीच तुझी परीक्षा. परदेशी पाहुणे असतील आणि तुमची मंडळीही. शेवटपर्यंत कुणी उठून गेलं नाही, तर नोकरी तुझी.”

तुम्हांला खरे सांगते, मामा, एखादी गोष्ट मला एवढी हवीशी कधीच वाटली नव्हती. पुस्तकात मी आकाश चार वर्षे वाचले, पण कोणालाही ते दाखवले नव्हते. शिवाय माझा एक हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता. अंधारात मला कोणी बघणार नाही, मलाही कोणी दिसणार नाही, सगळ्यांच्या माना वर असतील. लाजऱ्या माणसासाठी याहून सोयीची नोकरी सरकारने काढायची ठरवली तरी निघाली नसती. म्हणून मी भाषण लिहून काढले आणि आमच्या शेळ्यांपुढे त्याची तालीम सुरू केली. शेळ्या चांगल्या श्रोत्या आहेत. त्या मध्येच प्रश्न विचारीत नाहीत. समारोपाचा परिच्छेद मात्र त्यांनी खाल्ला. तो मला पुन्हा लिहावा लागला, आणि तो दुसऱ्या वेळी अधिक बांधेसूद झाला हे मी मान्य करते.

ती संध्याकाळ आली. दिवस बुडताच काळोख पडला. दुकानाचे नियम कडक आहेत: दिवा नाही, फोन नाही, हळू बोलायचे, आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत गुपचूप बसून राहायचे. हे नियम करणाऱ्याने मोठ्या मावशीचा विचार केलेला नव्हता. चार माणसे बसलेली आहेत आणि आपण प्रत्येकाला ‘कसे उठलात’ न विचारता खुर्चीत बसायचे, हे तिच्याने कसे व्हावे? दिसत काही नव्हते. म्हणून ती चाचपडत एकेका खुर्चीपाशी गेली, हात शोधून काढला, तो दोन्ही हातांत धरला, आणि माणसाची, त्याच्या आईवडिलांची आणि त्याच्या गावच्या पावसाची चौकशी केली. परदेशी पाहुण्यांत नेदरलँड्सचे एक वयस्कर जोडपे होते. त्यांच्याकडे पाऊस वर्षभर पडतो हे मी भाषांतर करून सांगितल्यावर तिने त्यांचे हात पुन्हा एकदा, जास्त आदराने, हलवले. ओळीच्या टोकाला दुर्बीण उभी होती. तिच्यावर घोंगडी घातलेली होती. मावशीने तिचाही हात धरला, तिलाही सर्व विचारले, उत्तराची बराच वेळ वाट पाहिली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “तो उंच माणूस बोलत नाही गं. बराच शिकलेला दिसतो.”

तेवढ्यात गावप्रमुख सेइत्लामो आले. (त्यांच्या घराण्याचे देवक हरण असल्यामुळे त्यांना ‘हरणा’ अशी हाक मारतात हे तुम्हांला सांगायला नको, परंतु नेदरलँड्सच्या बाईंना ते मी सांगितले, तेव्हा त्यांनी अंधारात त्यांच्या आकाराकडे बघून मला ते पुन्हा सांगायला लावले.) ते आपली घडीची खुर्ची घेऊन आले होते. नचुंगाबाईंनी मानाची जागा म्हणून ती खुर्ची मधोमध मांडली. आता वारा अडावा म्हणून दुकानाने तिथे उभ्या लाकडांचे अर्धगोल कुंपण घातलेले आहे. त्याच्या आत खुर्च्याही अर्धगोलात होत्या. मधोमध प्रमुख होते आणि त्यांच्या पुढ्यात मोकळी वाळू होती. नचुंगाबाई शहरात वाढल्या आहेत. आपण काय मांडून ठेवले आहे याची त्यांना कल्पना नव्हती. मला ती यायला हवी होती. परंतु मी त्या वेळी पहिले वाक्य आठवीत होते.

पहिले वाक्य आठवले. नंतरचीही आली, आणि अनपेक्षितपणे रांगेने आली. हिरव्या किरणाच्या विजेरीने मी पश्चिमेची चांदणी दाखवली, ‘रात्रीचे जेवण मागणारी’ हे तिचे आपले नाव सांगितले, आणि त्याबरोबर गावकऱ्यांत बसलेल्या मोत्सुमीआजोबांना आपल्या पिशवीतल्या पिठाच्या तळलेल्या गोळ्यांची आठवण झाली. त्यांनी ते आजूबाजूला वाटले. मी दक्षिणेचे जिराफ दाखवले, नर कोणता आणि मादी कोणती ते सांगितले. कोणी उठले नाही. मला हुरूप आला. मग मी नैर्ऋत्येला वळले आणि भाषणातला माझा सर्वांत आवडता भाग सुरू केला: आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा, पुस्तकातला अगस्ती म्हणजे आपला नाका. आपल्या खापरपणजोबांच्या काळी हिवाळ्याच्या तोंडाशी हा तारा जो कोणी सर्वांआधी पाहील त्याला गावप्रमुख एक कालवड बक्षीस देत असत. “आणि तो पाहा,” मी म्हणाले, आणि किरण सोडला, “तो तिथे, बाभळीच्या वर, नाका.”

“दिसला!” मोठी मावशी उभी राहून ओरडली. “हरणा, साक्षीला राहा! मी पाहिला. कालवड माझी!”

“तू कुठं पाहिलास गं, गालेबोए?” मोत्सुमीआजोबांचा आवाज आला. “तुला समोरची गाय दिसत नाही. मी केव्हाच पाहिला होता. तोंडात घास होता म्हणून बोललो नाही.”

“मग घासाला द्या कालवड!”

“माझ्या घासापर्यंत जाऊ नकोस. तूही दोन खाल्लेस माझ्यातले.”

इथपर्यंत ही थट्टा होती, आणि थट्टा म्हणूनच संपली असती. परंतु गावप्रमुखांनी घसा साफ केला आणि सवयीने, मामा, केवळ आयुष्यभराच्या सवयीने, म्हणाले, “एकेकानं बोला. आधी गालेबोए.” त्याबरोबर काळोखात टोप्या काढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. सगळ्या गावाने एकाच क्षणी आजूबाजूला पाहिले: कुंपण, अर्धगोल, मध्ये प्रमुख, पुढे वाळू. चावडी भरली होती.

एकदा भरलेली चावडी निकालाशिवाय उठत नाही, हे नचुंगाबाईंना कोणीतरी सांगायला हवे होते. त्या पुढे झाल्या आणि हसत हसत म्हणाल्या की अजून बरेच आकाश राहिले आहे. गावप्रमुख शांतपणे म्हणाले, “आकाश कुठं पळतंय, बाई? बसा.” तोच मोत्सुमीआजोबांनी हरकत घेतली की चावडीत पँट घातलेल्या बायका उभ्या आहेत, आणि असे असताना कामकाज कसे चालावे. त्या बायका म्हणजे मी (दुकानाचा गणवेश पँटचा आहे), नचुंगाबाई आणि परदेशी पाहुण्यांतल्या झाडून सगळ्या. अडचण खरी होती. तेव्हा पाहुण्यांना थंडीसाठी ठेवलेल्या घोंगड्या आम्ही सर्वांनी कमरेला गुंडाळल्या, आणि डोके झाकायला रुमाल नसल्यामुळे सूप पिताना मांडीवर घ्यायचे पंचे डोक्याला बांधले. पाहुण्या फार खूश झाल्या. त्या वयस्कर बाईंनी मला हळूच विचारले की हे तिकिटात धरलेले आहे का. मी मान हलवली. तीही त्यांनी होकाराची धरली.

मग साक्षी झाल्या. मोठ्या मावशीने आपण नाका कसा पाहिला हे सांगायला आपल्या जन्मापासून सुरुवात केली. मध्ये कोणी बोलायचे नसल्यामुळे आम्ही तिची दोन बाळंतपणे आणि एक वणवा ऐकला, त्यानंतर ती तिथे, त्या खुर्चीपर्यंत, येऊन पोहोचली. मोत्सुमीआजोबांनी घासाचा बचाव पुन्हा मांडला आणि पुरावा म्हणून उरलेला गोळा दाखवला, पण तो कोणाला दिसला नाही. नेदरलँड्सच्या गृहस्थांनी हात वर करून बोलायची परवानगी मागितली. चावडीत बोलायचा हक्क सगळ्यांना असतो, त्यामुळे ती मिळाली. ते म्हणाले की तारा त्यांनी दोघांच्याही आधी पाहिला होता, पण तो कोणाचा आहे हे माहीत नसल्याने ते गप्प बसले. मी भाषांतर केले. गावप्रमुखांनी पसंतीने मान डोलावली. “असा साक्षीदार आपल्याकडे मिळत नाही,” ते म्हणाले, “त्यांना गोळा द्या.”

आणि मग मोत्सुमीआजोबांनी खटल्याला नवेच वळण दिले. त्यांचे म्हणणे असे, की कालवड मिळायची ती पहाटेच्या नाकासाठी. पूर्वेकडे, थंडीत कुडकुडत, उजाडायच्या आधी जो पाहील त्याला. हा तर पश्चिमेकडे चाललेला, संध्याकाळचा, गेल्या खेपेचा नाका. मावळत्या ताऱ्यावर कालवड मागणे म्हणजे लग्न लागून गेल्यावर वरातीत शिरून जेवण मागण्यासारखे आहे. सगळे हसले. गावप्रमुख हसले नाहीत. ते म्हणाले, “पोरी, तू शिकलेली आहेस. हे खरं आहे का?”

मामा, अशा वेळी माझे काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे. आजवर मला कोणी काही विचारले की माझी नजर पावलांवर जाते आणि आवाज तिच्या मागोमाग जातो. पण पावले घोंगडीत होती आणि घोंगडी अंधारात होती. खाली बघण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून मी वर बघितले आणि उत्तर दिले. पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते, त्यामुळे एकच तारा आज संध्याकाळी जाताना आणि आणखी थोड्या दिवसांनी पहाटे येताना कसा दिसतो, दोन्ही वेळा तो तोच का असतो, हे सगळे मी सांगितले. शेवटी हेही सांगितले की मोत्सुमीआजोबांचे म्हणणे बरोबर आहे. बक्षीस पहाटेच्या दर्शनालाच असे. पहाटेचा नाका अजून उगवायचा आहे.

 मग मावशी म्हणाली, “हिला मी पाठीवर बांधून वाढवली! तेव्हा नाही विचारलं तिनं, ‘मावशी, हा मावळतीचा की उगवतीचा?’” (मी तेव्हा सहा महिन्यांची होते, परंतु चावडीत मध्ये बोलायचे नसते.)

गावप्रमुखांनी बराच वेळ विचार केला. दुकानाचे सूप थंड झाले. मधल्या वेळात एक मोठी उल्का पडली, आणि निकालाआधी शकुन म्हणून ती धरायची की नाही यावर थोडी कुजबुज झाली. मग त्यांनी सांगितलेला निकाल मी जसाच्या तसा उतरवते. “पाहुणा जाताना दिसला, म्हणजे तो आला होता. तो आला तेव्हा आपण सगळे झोपलो होतो, हा पाहुण्याचा दोष नाही. घास तोंडात होता तो घास खाणाऱ्याचा दोष. गालेबोएनं पाहिला आणि सांगितला. कालवड तिची.” बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. नेदरलँड्सच्या बाईंनीही करून पाहिला. तो खोकल्यासारखा झाला, पण भावना चांगली होती.

आता प्रश्न होता कालवड देणार कोण, आणि सगळे हरणाकडेच बघत होते. परंतु हरणांना पळणे शिकवावे लागत नाही. “पूर्वीचे प्रमुख देत,” ते म्हणाले, “कारण बातमी त्यांना मिळे आणि गाव त्यावरून हंगाम ठरवी. आज बक्षिसाची दवंडी मी पिटलेली नाही. कुणी पिटली? या पोरीनं. कुणाच्या वतीनं पिटली?” तेव्हा सगळे नचुंगाबाईंकडे वळले. बाई विजेच्या वेगाने उभ्या राहिल्या, घोंगडी सावरली, आणि मोठ्याने म्हणाल्या, “हिची अजून नेमणूक झालेली नाही! ही आमची कुणी नाही!” मामा, परीक्षेच्या संध्याकाळी हे ऐकणे फार सुखाचे नव्हते. गावप्रमुख म्हणाले, “बरं. आमची कुणी नाही म्हणता. म्हणजे ती अजून घरची.” त्यानंतर निकालाचा आणखी एक लहानसा भाग होता, परंतु तो घराण्याच्या अंतर्गत व्यवहाराचा असल्यामुळे पत्राच्या मुख्य अंगात घालणे मला प्रशस्त वाटत नाही.

चावडी उठल्यावर मी सगळ्यांना दुर्बिणीतून दाखवायला सुरुवात केली. दक्षिणेला एक ताऱ्यांचा पुंजका आहे. नुसत्या डोळ्यांना तो धुक्याचा ठिपका वाटतो आणि दुर्बिणीतून त्यात लाखो तारे दिसतात. मोठी मावशी ‘उंच माणसाच्या’ डोळ्याला डोळा लावून वाकली, आणि जन्मात पहिल्यांदाच बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, “हे कुणी सांडलं?” मी म्हणाले की कोणालाच माहीत नाही. ती म्हणाली, “गोळा करायला किती वेळ लागला असता बिचारीला. बरं झालं, तसंच टाकलं.” आणि तिने खटल्यातली साक्ष मला माफ केली, कालवड मात्र माफ केली नाही.

कोणीही उठून गेले नाही. जे झोपले ते खुर्चीतच झोपले. ही गोष्ट मी नचुंगाबाईंच्या नजरेस आणून दिली (लिहून, चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली), आणि त्यांनी न्यायाने वागून मला आत बोलावले. त्या म्हणाल्या, “तू पास आहेस. पाहुणे विचारताहेत की खटला रोज असतो का. पण आज तुला घेतली, तर उद्या गाव म्हणेल की बोलताना ही तुमचीच होती, आणि ते जनावर माझ्या गळ्यात. माझ्याकडे दुर्बीण आहे, गुरं नाहीत. तुमचं ते प्रकरण मिटलं की दुसऱ्या दिवशी कामावर ये. नाही मिटलं तर मला माउनला जाहिरात द्यावी लागेल.”

असा सगळा वृत्तांत आहे. आपली प्रकृती, मामींची प्रकृती आणि सर्व चतुष्पादांची प्रकृती उत्तम राहो, आणि आपली छाया आम्हांवर पावसाळी ढगाइतकी दाट पडो, अशी इच्छा करून लेखणी खाली ठेवते.

आपल्या आज्ञेत वाढलेली भाची,
सेतुन्या

ता. क. निकालाचा जो लहानसा भाग वर राहून गेला, तो असा: लग्न न झालेल्या मुलीने चावडीपुढे काही कबूल केले, तर ते निस्तरणे तिच्या आईच्या भावाकडे जाते. ही आपली जुनी रीत असल्याचे गावप्रमुखांनी सांगितले, आणि नंतर आपले नाव मोठ्याने, घराण्यासकट, उच्चारले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी विरोध केला नाही असे नाही. परंतु तो मनात केला. कालवड मध्यम असली तरी चालेल.

ता. क. दुसरा. आईचे म्हणणे असे, की यात आपले काहीच जात नाही. मोठी मावशी आपली सख्खी बहीण. तिची गुरे आपल्याच तळावर, आपल्याच हौदावर पाणी पितात. म्हणजे कालवड जागची हलणारसुद्धा नाही. आज ती हौदाशी आपली म्हणून उभी आहे, उद्या मावशीची म्हणून उभी राहील. तिला स्वतःला काही कळणारही नाही. हा युक्तिवाद मला शास्त्रशुद्ध वाटला म्हणून कळवते.

ता. क. तिसरा. आपल्या संमतीची वाट बघत बसले असते, तर माउनला जाहिरात गेली असती. म्हणून आज मी नचुंगाबाईंकडे गेले आणि मामांनी कालवड दिली असे सांगितले. मी ते चिठ्ठीवर लिहिले नाही, मामा. तोंडाने सांगितले, त्यांच्याकडे बघून, आणि मुख्य म्हणजे तेव्हा भर दुपार होती. उद्यापासून मी कामावर आहे. तेव्हा आता आपण ती द्यावी, ही विनंती.

ता. क. शेवटचा. हे पत्र मी मोठ्या मावशीच्याच हाती पाठवीत आहे. पाकीट नीट चिकटवले आहे, तरी तिच्याबद्दलचा मजकूर आपण मोठ्याने वाचू नये. ती म्हणेल की सहज आले, बऱ्याच दिवसांत भाऊ दिसला नाही. आपण चहा द्यावा आणि विश्वास ठेवल्यासारखे करावे. आईच्या युक्तिवादावर मात्र फार विसंबू नये. मावशीच्या पिशवीत दोर आहे.